सोनोग्राफीत किडनीची गाठ निघाली, आता पुढे काय?

मामांची सोनोग्राफी खरं तर पित्ताशयासाठी होती. जेवण झालं की पोट जड व्हायचं, उजव्या कुशीत दुखायचं, म्हणून इचलकरंजीतल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पित्ताशय स्वच्छ निघालं. रिपोर्टच्या तळाशी मात्र एक ओळ होती : डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला ३.८ सेंमीची गाठ, सीटी स्कॅन करून खात्री करावी. मामांनी ती ओळ वाचलीच नाही. 'पित्ताशय नॉर्मल' एवढं वाचलं, वाटेत मिसळ खाल्ली आणि घरी आले. आठ दिवसांनी मामेभावाने रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तेव्हा ती ओळ माझ्या डोळ्यांत भरली.

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर वर्षभर मामांची फाइल माझ्याच पिशवीत होती. ओपीडीच्या बाकड्यांवर बसून जे कळलं, डॉक्टरांना विचारून जे पक्कं करून घेतलं, ते इथे क्रमाने लिहितोय. ज्यांच्या घरात असा रिपोर्ट आत्ता नुकताच आलाय त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी हे : किडनीची गाठ बहुतेक वेळा दोन-तीन आठवडे देते. तेवढ्यात तपासण्या होतात आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घेता येतं. आम्हाला पहिल्याच ठिकाणी सांगितलं गेलं, 'उद्या अ‍ॅडमिट व्हा, किडनी काढून टाकू.' मामा तर पिशवी भरून तयार होते. आज त्यांच्या पोटात दोन्ही किडन्या आहेत, डावी जरा लहान झालीय इतकंच. लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडतायत, लघवी अडलीय, कुशीत असह्य कळ आणि चक्कर येतेय, असं असेल तर मात्र वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

पहिली पायरी : रिपोर्टमधले शब्द ओळखा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'एसओएल' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की तिथे जागा अडवून काहीतरी बसलंय. काय बसलंय ते सोनोग्राफी सांगू शकत नाही.

'सिंपल सिस्ट' म्हणजे पाण्याची साधी पिशवी. पन्नाशीनंतर ती कितीतरी जणांच्या किडनीत असते आणि तिचं काही करायचं नसतं. पिशवीची भिंत जाड असेल, आत पडदे असतील, तर सीटीवाले तिला बॉस्निआक वर्ग देतात. १ आणि २ म्हणजे सोडून द्या, '२एफ' म्हणजे अधूनमधून फोटो काढून लक्ष ठेवा. वर्ग ३ मध्ये साधारण निम्म्या वेळा कॅन्सर निघतो आणि ४ मध्ये बहुतेकदा. 'अँजिओमायोलायपोमा' हा शब्द दिसायला भयंकर असला तरी ती चरबीची, कॅन्सर नसलेली गाठ असते. मोठी झाली तर त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मापावर नजर ठेवतात.

भरीव गाठ असली तरी ती कॅन्सरचीच असते असं नाही. ४ सेंमीच्या आतल्या भरीव गाठींपैकी पाचातली साधारण एक निरुपद्रवी निघते. उरलेल्या चार कॅन्सरच्या असतात हेही तितकंच खरं, त्यामुळे 'काही नसेल हो' म्हणून रिपोर्ट कपाटात टाकायचा नाही.

पुस्तकात किडनीच्या कॅन्सरची तीन लक्षणं लिहिलेली असतात : लघवीतून रक्त, कुशीत दुखणं, हाताला लागणारी गाठ. तिन्ही एकदम असलेला रुग्ण आता क्वचितच दिसतो. निम्म्याहून जास्त गाठी मामांसारख्याच, भलत्या कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. एका लक्षणाबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. न दुखता लघवी लाल झाली आणि दोन दिवसांनी आपोआप थांबली, तर आपल्याकडे 'उन्हाळी लागली असेल' म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. रक्त थांबलं म्हणजे कारण गेलं असं नसतं. एकदा जरी पडलं तरी तपासायचं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर किडनीबरोबर मूत्राशयही दुर्बिणीतून बघून घ्यायचं. आणखी एक आडवळणाची खूण : उतारवयात डाव्या वृषणावरच्या शिरा अचानक फुगणं. डावीकडची ती शीर डाव्या किडनीच्या शिरेला जाऊन मिळते. वरची वाट गाठीने अडली की खाली रक्त तुंबतं.

'मलाच का?' हा प्रश्न घरात फिरत राहतो. धूम्रपान, लठ्ठपणा, वर्षानुवर्षांचं बीपी आणि बरीच वर्षं चाललेलं डायलिसिस ही माहीत असलेली कारणं. पुरुषांना हा आजार बायकांच्या जवळजवळ दुप्पट होतो. मामांना पंधरा वर्षांपासून बीपी. त्यापलीकडे उत्तर शोधण्यात आम्ही वेळ घालवला नाही. मात्र रुग्ण पंचेचाळिशीच्या आतला असेल, दोन्ही किडन्यांत गाठी असतील किंवा घरात आधी कुणाला झाला असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. काही घराण्यांत हा वारशाने येतो आणि मग भावंडं-मुलांचीही तपासणी करावी लागते.

दुसरी पायरी : सीटी स्कॅन, आणि तोही नीट

या आजाराचा अर्धा निर्णय सीटीवर होतो, त्यामुळे इथे काटकसर नको. साधा सीटी पुरत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन, आधी आणि नंतर वेगवेगळ्या वेळी फोटो काढतात. इंजेक्शननंतर गाठ किती उजळते यावरून ती जिवंत, रक्त पिणारी आहे की नुसतं पाणी आहे ते कळतं. रिपोर्टमध्ये 'एन्हान्सिंग' असं लिहिलं असेल तर गाठ उजळली असा अर्थ.

जाण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, किडनी कितपत काम करतेय ते त्यावरून कळतं. ते वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्ट द्यायचं की एमआरआय करायचा ते डॉक्टर ठरवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल, दम्याचा किंवा कुठल्या इंजेक्शनच्या अ‍ॅलर्जीचा त्रास असेल, तर ते टेबलावर झोपायच्या आधी सांगा, नंतर नव्हे. आणि पेशंटला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा : इंजेक्शन आत गेलं की सगळ्या अंगातून गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखी वाटते. झालेली नसते. आम्ही हे सांगायला विसरलो. मामा मशीनमधून बाहेर आले ते पायजमा चाचपतच, आणि टेक्निशियनकडे अशा चेहऱ्याने बघत होते की त्यालाच हसू आवरेना.

पोटाबरोबर छातीचाही सीटी करतात, कारण हा कॅन्सर पसरला तर सगळ्यात आधी फुप्फुसात जाण्याची शक्यता जास्त. हाडं दुखत नसतील आणि रक्तात तशी खूण नसेल तर बोन स्कॅनची गरज सहसा नसते. पेट स्कॅनचंही तसंच. त्यात गाठ चमकून दिसावी म्हणून खास साखर टोचतात, ती लघवीवाटे किडनीतूनच बाहेर पडते, त्यामुळे किडनी तशीही चमकते, आणि या जातीच्या गाठी कधी साखर घेतात, कधी घेत नाहीत. 'कॅन्सर म्हणजे पेट स्कॅन' असं समजून शेजारी आग्रह करतात. आम्हाला तीन जणांनी केला.

किडनीच्या कॅन्सरची खात्री करून देणारी रक्ततपासणी नाही. पॅकेजमध्ये 'ट्यूमर मार्कर' म्हणून यादी विकतात, तिचा इथे उपयोग नाही. बघायचं ते हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि लिव्हरच्या तपासण्या.

सीटीच्या फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, आणि ती घरी एकदा उघडून बघा. दुसऱ्या डॉक्टरांना नुसता कागद नको असतो, त्यांना चित्रं स्वतः बघायची असतात. आमची पहिली सीडी कोरी निघाली, हे कळलं ते शंभर किलोमीटर गेल्यावर.

तिसरी पायरी : योग्य डॉक्टर

'किडनीचे डॉक्टर' म्हटलं की लोक नेफ्रोलॉजिस्टकडे जातात. ते क्रिएटिनिन, डायलिसिस, बीपी यांचे डॉक्टर. गाठ काढणारे ते यूरोलॉजिस्ट, आणि त्यातही कॅन्सरचं काम करणारे यूरो-ऑन्कोलॉजिस्ट. आजार पसरलेला असेल तर गोळ्या-इंजेक्शनं देणारे मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट. एक किडनी आधीच कमजोर असेल तर नेफ्रोलॉजिस्टही सोबत हवेत.

दुसरं मत घ्यायला संकोच वाटतो, आपल्याकडे तर डॉक्टरांना राग येईल म्हणून भीतीच. चांगला सर्जन रागावत नाही. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून कॅन्सरचंच काम करतंय आणि खारघरला त्यांचंच केंद्र आहे. मुंबईला जाणं जमत नसेल तर 'नव्या' या सेवेतून टाटाशी जोडलेल्या तज्ज्ञांचं मत रिपोर्ट ऑनलाइन पाठवून मिळतं. गोव्यातल्या लोकांना बांबोळीचं मेडिकल कॉलेज आहे.

विचारायचे प्रश्न घरून कागदावर लिहून न्या, समोर बसलं की सुचत नाहीत. आमच्या कागदावरचा पहिला प्रश्न होता, 'किडनी वाचवता येईल का, आणि नसेल तर नेमकी का नाही?' दुसरा, 'अशी अर्धवट किडनी वाचवणारी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?' हा प्रश्न मी विचारला तेव्हा मामी पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. डॉक्टरांनी मात्र शांतपणे आकडा सांगितला. तिसरा, 'काहीच न करता लक्ष ठेवलं तर काय होईल?'

सुई टोचली की पसरतो का?

ही भीती इतकी पक्की आहे की वेगळं लिहावं लागतंय. आजच्या पद्धतीने नळीतून सुई घालून तुकडा घेतात, त्यातून गाठ पसरण्याचं प्रमाण अत्यंत नगण्य आहे. गंमत म्हणजे, या आजारात बऱ्याचदा सुईची बायोप्सी लागतच नाही. सीटीवर चित्र स्पष्ट असेल आणि ऑपरेशन करायचंच असेल, तर काढलेली गाठच तपासणीला जाते. आमच्या नात्यातल्या एकांनी 'बायोप्सीशिवाय ऑपरेशन म्हणजे फसवणूक' असं ठणकावून सांगितलं होतं. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरचा नियम ते किडनीला लावत होते. बायोप्सी लागते ती वेगळ्या प्रसंगी : गाठ न काढता जाळायची किंवा गोठवायची असेल, दुसरीकडचा कॅन्सर किडनीत आल्याची शंका असेल, किंवा आजार पसरलाय आणि औषधं सुरू करायची आहेत.

चौथी पायरी : स्टेज समजून घ्या

माप आणि हद्द, या दोनच गोष्टी लक्षात ठेवा. गाठ किडनीच्या आत आहे आणि ७ सेंमीपर्यंत आहे, तर पहिली स्टेज. त्यातही ४ सेंमीपर्यंत 'टी१ए', पुढे 'टी१बी'. ७ च्या वर पण अजून किडनीतच, तर दुसरी. किडनीच्या मोठ्या शिरेत किंवा भोवतालच्या चरबीत शिरली, किंवा जवळच्या लसिकाग्रंथींत गेली, तर तिसरी. किडनीभोवतीचं वेष्टण ओलांडून बाजूच्या अवयवांत, किंवा लांब फुप्फुस, हाड, यकृत, मेंदूत गेली, तर चौथी.

या कॅन्सरची एक विचित्र खोड आहे. तो शिरेच्या आतून वेलासारखा वर चढतो, कधी कधी थेट हृदयाच्या दारापर्यंत. ऐकायला भयानक, पण तेवढ्यावरून केस हातची गेली असं होत नाही. मोठ्या केंद्रात यूरोलॉजिस्ट आणि गरज पडल्यास हृदयाचे सर्जन मिळून तो वेल काढतात. अशी केस छोट्या हॉस्पिटलात मात्र अजिबात ठेवू नये.

आकडे विचारायचेच असतील तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे, किडनीपुरता मर्यादित असताना सापडलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षं पार करणारे ९० टक्क्यांच्या वर आहेत. पसरल्यावर हा आकडा खूप खाली येतो. पण त्या नोंदींत जुन्या औषधांच्या काळातले रुग्णही आहेत, म्हणून चौथ्या स्टेजच्या घरात तो आकडा मोठ्याने वाचू नका.

पाचवी पायरी : ऑपरेशन, किंवा ऑपरेशन नाही

एका किडनीवर माणूस जगतो हे आता सगळ्यांना माहीत आहे, किडनी दान करणारे तसेच जगतात. पण ते पहिल्यांदा कुणीतरी करून दाखवावं लागलं. १८६९ मध्ये हायडेलबर्गच्या गुस्ताव सायमन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून बघितले आणि मग एका बाईंची किडनी काढली. कारण कॅन्सरचं नव्हतं, मूत्रनलिकेच्या जखमेचं होतं. त्या बऱ्या झाल्या. त्यानंतर शंभरेक वर्षं गाठ लहान असो की मोठी, अख्खी किडनी काढणं हाच रिवाज राहिला.

आता पहिल्या स्टेजच्या गाठीला, जमेल तिथे, गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी किनार एवढंच काढतात. याला पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. कॅन्सरच्या बाबतीत लहान गाठींना निकाल अख्खी किडनी काढण्याइतकाच चांगला, आणि क्रिएटिनिन सांभाळलं जातं. साठीचा, बीपी-शुगरवाला माणूस असेल तर ही बचत पुढच्या वीस वर्षांची असते. दाता निरोगी असतो म्हणून एका किडनीवर निभावतो. मामांची दुसरी किडनी पंधरा वर्षांच्या बीपीने आधीच थोडी झिजलेली होती.

ऑपरेशनमध्ये काय होतं ते आमच्या सर्जननी पेनने केस पेपरच्या मागे काढून दाखवलं. किडनीला रक्त आणणारी धमनी चिमट्याने काही मिनिटं बंद करतात. रक्त थांबलं की गाठ खरवडून नाही, तर अखंड कापून काढतात, तळाला टाके घालतात, चिमटा सोडतात. चिमटा लावला की घड्याळ सुरू. अर्ध्या तासाच्या आत सगळं आटपायचं, नाहीतर उरलेल्या किडनीलाच इजा. म्हणून 'वर्षाला किती करता' हा प्रश्न. पोट उघडून, दुर्बिणीने किंवा रोबोने, तिन्ही प्रकारे हे होतं. रोबो म्हणजे यंत्र आपोआप कापतं असं नाही, सर्जनच शेजारी बसून हात चालवतो. अवघड जागी टाके घालायला तो सोपा पडतो, जखम लहान राहते, बिल मोठं होतं. अनुभवी हाताची उघडी शस्त्रक्रिया अननुभवी हाताच्या रोबोपेक्षा मला कधीही चालेल.

गाठ मोठी असेल, अगदी मध्यभागी रक्तवाहिन्यांत बसली असेल, तर अख्खी किडनी काढणंच योग्य. तिथे 'वाचवाच' असा हट्ट धरू नये.

आणि काही जणांना ऑपरेशन नकोच असतं. ऐंशीच्या आजोबांना २ सेंमीची गाठ आहे, हृदय कमजोर आहे, तर दर काही महिन्यांनी फोटो काढून लक्ष ठेवणं ही पूर्ण मान्य पद्धत आहे. लहान गाठी सरासरी वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. घरच्यांना हे 'सोडून दिल्यासारखं' वाटतं, म्हणून ते हट्टाने टेबलावर चढवतात. साधारण ३ सेंमीपर्यंतच्या गाठी सुईने गोठवता किंवा जाळताही येतात, तो मधला मार्ग.

ऑपरेशननंतरचे दिवस थोडक्यात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोटापेक्षा खांदा दुखू शकतो, आत भरलेल्या गॅसमुळे, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, रडलं तरी चालायचं. श्वास ओढून चेंडू वर उचलायचं खेळणं दिसतं तो फुप्फुसांचा व्यायाम मनापासून करायचा. घरी आल्यावर महिना-दीड महिना पाण्याची कळशी, गॅसची टाकी, नातवंडं, काही उचलायचं नाही. यात एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी : पार्शल झालेल्यांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अचानक लघवी लालभडक होऊ लागली तर तो शिवलेल्या जागी आतला रक्तस्राव असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. वेळेत गेलं तर बहुधा मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून ती शीर बंद करता येते.

सहावी पायरी : काढलेल्या गाठीचा रिपोर्ट

आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा कागद हाती येतो. त्यात चार गोष्टी शोधा. जात : सगळ्यात जास्त, शंभरात सत्तर-पंचाहत्तर, 'क्लिअर सेल'. मग 'पॅपिलरी', मग 'क्रोमोफोब'. ग्रेड : १ ते ४, चार म्हणजे आक्रमक. 'सार्कोमॅटॉइड' हा शब्द असेल, म्हणजे गाठीचं जास्त आक्रमक रूप, तर डॉक्टरांशी वेगळं बोला. कडा : 'मार्जिन निगेटिव्ह' म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही. आणि 'पीटी' पुढचा आकडा, म्हणजे प्रत्यक्ष तपासून ठरलेली स्टेज.

मेणाचे ठोकळे आणि काचा, म्हणजे ब्लॉक आणि स्लाइड, लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात. दुसरीकडे दाखवायचं ठरलं की तेच मागतात, म्हणून लॅबचा नंबर फाइलवर लिहून ठेवा.

पहिल्या स्टेजमध्ये यापुढे औषध लागत नाही. मामांना काहीच दिलं नाही, तर मामी अस्वस्थ. 'कॅन्सर होता आणि गोळीसुद्धा नाही?' धोका जास्त असलेल्या क्लिअर सेल रुग्णांना मात्र ऑपरेशननंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणारं, इंजेक्शन वर्षभर देतात. त्याला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये त्याने आयुष्य वाढतं हेही दिसलं. ते महाग आहे, म्हणून कुणाला खरंच गरज आहे हे दोन तज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

पसरलेला असेल तर

'केमो कधी सुरू होणार?' हा पहिला प्रश्न असतो. किडनीच्या या कॅन्सरवर नेहमीची केमो जवळजवळ चालतच नाही. किडनीतून लघवी गोळा होणाऱ्या नरसाळ्याचा कॅन्सर वेगळा, त्याला केमो देतात. रिपोर्टमध्ये 'यूरोथेलियल' असेल तर तो हा दुसरा आजार, या लेखातलं बरंच त्याला लागू नाही.

मग काय चालतं? क्लिअर सेलमध्ये बहुतेकदा व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. पेशीला वाटतं प्राणवायू कमी पडतोय, आणि ती आरोळ्या ठोकून नव्या रक्तवाहिन्या बोलावते. शेजाऱ्याच्या शेतातून रातोरात आपल्या वावरात पाट फोडून घ्यावा तसं. प्राणवायूची ही जाणीव कशी चालते ते उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. सुनिटिनिब, पाझोपानिब, अ‍ॅक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब या गोळ्या त्या पाटाचं दार बंद करतात. दुसरी फळी इम्युनोथेरपीची. शरीराच्या राखणदार पेशींना गाठीने लावलेला ब्रेक ती सोडवते. आजकाल दोन्ही फळ्या मिळून, किंवा दोन इम्युनोथेरपी एकत्र, अशी सुरुवात करतात.

गोळ्या घेणाऱ्यांनी घरात बीपीचं मशीन ठेवायचंच, बीपी चढतं. तळहात-तळपाय सोलवटतात, तोंड येतं, जुलाब होतात, थायरॉइड मंदावतो. सुनिटिनिबने कातडी पिवळसर दिसते, लोक कावीळ समजतात. केसही पांढरे होतात. पाझोपानिब रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी तिचा असर कमी होतो, हे मेडिकलवाला सांगेलच असं नाही. डोस कमी करणं किंवा चार दिवस थांबवणं डॉक्टरांच्या हातात आहे, म्हणून त्रास लपवू नका. इम्युनोथेरपीवाल्यांनी नवा खोकला, दम, दिवसाला चार-पाच जुलाब, कमालीचा थकवा यांवर घरचा उपाय न करता त्याच दिवशी फोन करायचा. शरीराचे राखणदार स्वतःच्याच फुप्फुसावर किंवा आतड्यावर उलटलेले असू शकतात, आणि त्याला स्टिरॉइड लागतं.

चौथ्या स्टेजमध्ये आधी किडनी काढायचीच असं आता राहिलेलं नाही. २०१८ मध्ये आलेल्या कारमेना या अभ्यासात, मध्यम आणि जास्त धोक्याच्या रुग्णांना नुसत्या सुनिटिनिबने ऑपरेशन अधिक सुनिटिनिबइतकाच फायदा झाला. कुणाला ऑपरेशन आधी, कुणाला नंतर, कुणाला नाहीच, हे मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट आणि सर्जन यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. शेक, म्हणजे रेडिएशन, हाडातलं दुखणं आणि मेंदूतल्या गाठींसाठी फार उपयोगी पडतो.

पैशाचं

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता रेशन कार्ड असलेल्या सगळ्यांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटलच्या दारात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं, तिथे अ‍ॅडमिट व्हायच्या आधी जायचं. मंजुरी आधी लागते, बिल भरून झाल्यावर तिथे काही होत नाही. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते बघा, आमचे दोन दिवस मामांच्या वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीत गेले. रोबोचा खर्च योजनेत बसतो का हे आधी स्पष्ट विचारा. सत्तरीच्या वरच्यांना केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेचं वेगळं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना.

धर्मादाय नोंदणीच्या खासगी हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कोणी होऊन सांगत नाही, समाजसेवा विभागात जाऊन मागावं लागतं. उपचारासाठी रेल्वेने जाताना कॅन्सर रुग्णाला तिकिटात सवलत आहे, हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही-शिक्का घ्या. मुंबईत मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येकांना आधार ठरलीय. सुनिटिनिब, पाझोपानिबचे जेनेरिक मिळतात आणि मूळ ब्रँडच्या तुलनेत किंमत खूपच कमी असते, ब्रँडचं नाव नव्हे तर औषधाचं नाव लिहून मागा. जुन्या पद्धतीने आयकर भरत असाल तर ८०डीडीबी या कलमाखाली ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठांना १ लाखापर्यंत वजावट मिळते.

सातवी पायरी : उरलेली किडनी सांभाळा

आता खरा शत्रू मेडिकलच्या काउंटरवर बसलेला असतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, कंबर दुखली की 'दोन डोसाच्या पुड्या', हे बंद. पॅरासिटामॉल चालते. बीपी आवाक्यात, पापड-लोणचं-खारवलेले मासे कमी, रोज चालणं, तंबाखू कायमची बंद. 'किडनी साफ करणारा' काढा आणि भस्मं कुणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी घेऊ नका. काही भस्मांत पारा, शिसं असतं, आणि ते गाळायचं काम त्या एकट्या-दीड किडनीवरच पडतं. पाणी तहानेप्रमाणे, घागरभर पिण्याची गरज नाही.

क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि सीटी यांचं वेळापत्रक डॉक्टर स्टेजप्रमाणे देतात, साधारण सहा महिने ते वर्षाने, निदान पाच वर्षं. उलटला तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. पण हा कॅन्सर दहा वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून पाच वर्षं झाली तरी जुनी फाइल आणि पहिला सीटी रद्दीत टाकू नका. नवीन फोटोत काही दिसलं तर तुलनेला तोच लागतो.

मामांची फिल्मची पिशवी देवघराच्या मागच्या खिळ्याला आहे. पुढच्या सीटीची तारीख त्यांनी कालनिर्णयवर गॅसच्या नंबराशेजारी लिहिलीय, आणि त्याच्या आठ दिवस आधी बारीक अक्षरात 'क्रिएटिनिन, उपाशी नको'.